आबांचं फिरतं नाव

पारोळ्याजवळच्या एका जिनिंग संस्थेत मी हिशेबनीस होतो. नव्वदीच्या शेवटी तिथे कॉम्प्युटर आले. मोठा, म्हणजे सर्व्हर, चेअरमनच्या केबिनशेजारी एसी खोलीत. आणि त्याच्या जिवावर चालणारा छोटा काट्यावर, कापसाच्या वजनाची पावती काढायला. मोठ्याला हार घातला, नारळ फोडला, चपला बाहेर काढायचा नियम झाला. एकदा पूजा झाल्यावर त्याला कोणी हात लावेना.

चेअरमन म्हणजे आबा. त्यांच्या पुतण्याने एक सोय केली. यंत्राला थोडा वेळ कोणी शिवलं नाही, की पडद्यावर आबांचं नाव जाड सोनेरी अक्षरांत गरगर फिरू लागे. 'सहकारमहर्षी' तेवढं मावलं नाही, अक्षरांना मर्यादा होती. त्या खोलीतला तेवढाच एक संयम.

काट्यावर ऑपरेटर ताई होत्या. हंगामी. घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना कायम करायचा ठराव संचालक मंडळापुढे यायचा होता आणि नेमक्या त्याच हंगामात पावत्या रखडू लागल्या. बटण दाबायचं आणि बसून राहायचं. बाहेर गाड्यांची रांग, वर अवकाळी आभाळ. सगळा दिवस तिथेच गेलेले शेतकरी काट्याच्या खिडकीशी येऊन भांडायचे.

"ताई, पावती निंघनी का नही? बठ्ठा दिन आठेच गया!"

"मी हातानं छापू का, भाऊ?"

"लिखा ना हातवरी! मशीन नव्हतं तवय आम्ही कापूस घरमा ठेवत व्हतूत का?"

आबांनी निदान केलं, "बाईचे हात जड आहेत. ठरावाच्या आत सुधारणा दिसली पाहिजे."

जळगावहून इंजिनिअर आला. दुपारभर मोठ्या यंत्रापुढे माऊस फिरवत बसला आणि तेवढा वेळ पावत्या झरझर निघाल्या. मशीन ठणठणीत आहे, असं सांगून, चहा घेऊन गेला. तो गेल्यावर पुन्हा तेच. आता तर पुरावाच मिळाला: साहेब आवारात असले की बाई काम करतात.

मग एकदा वाळलेला हार काढताना माझा धक्का माऊसला लागला. नाव गेलं. काट्यावरून ताई ओरडल्या, "नाना! काय केलंत? पावती निघाली!"

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं अनवाणी आत गेलो. यंत्रावर किती भार आहे ते दाखवणारी खिडकी ताईंनी उघडी ठेवली आणि आम्ही बाहेर येऊन थांबलो. नाव फिरू लागलं. थोड्या वेळाने परत जाऊन माऊस हलवला. आलेखाची रेघ इतका वेळ वर छताला चिकटून होती, ती नाव गेल्याबरोबर खाली आली. यंत्राची सगळी ताकद आबांना फिरवण्यात जात होती, उरलंसुरलं कापसाला.

ताईंनी नावाच्या जागी साधा काळा पडदा लावला. संध्याकाळी रांग संपून आवार रिकामं होतं.

दोनेक दिवसांनी आबा धुळ्याचे पाहुणे घेऊन कॉम्प्युटर दाखवायला आले.

"नाव कुठंय?"

"बंद केलं, आबा. त्याच्यानं मशीन दमत होतं," ताईंनी दारातून सांगितलं.

एक पाहुणा खो-खो हसला. "आबा, तुमचं नाव फारच जड झालं की!"

आणखी कोणीही हसलं नाही. तो माणूस गप्प राहिला असता, तर कदाचित ताई वाचल्या असत्या.

मंडळाच्या बैठकीत मी आलेखाचं, माऊसचं सगळं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "नाना, बाईनं न विचारता त्या खोलीत हात घातला, हे खरं का नाही?"

खरं होतं. ठराव मागे घेतला गेला. ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांनी डबा पिशवीत ठेवला, खुर्ची आत सरकवली. एसी खोलीचं दार उघडं होतं.

"परत लावलं का?" त्यांनी विचारलं.

"सकाळीच."

"मग आजच्या गाड्या राहतील, नाना."

राहिल्या. पाऊस आला तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि आत कोरड्या थंड खोलीत नाव फिरत होतं.