रणगाड्याची गादी

असलम गादीवाल्याच्या हाताला मऊपणाची खोड होती. घराणंच पिंजाऱ्यांचं, आजोबांनी जळगावातल्या निम्म्या लग्नांच्या गाद्या भरलेल्या. असलम ट्रक-ट्रॅक्टरच्या सीटा करायचा, पण गिऱ्हाईक बसल्याबरोबर खुश होऊन दोन शब्द बोललं नाही, तर त्याला जेवण गोड लागायचं नाही.

अशा माणसाकडे रणगाड्याचं काम आलं. देशात नवा रणगाडा तयार होत होता आणि त्याच्या चालकाच्या सीटचं काम एका कारखान्याकडे होतं. तिथल्या रुपचंद इंजिनिअरने गादी असलमकडे सोपवली. रणगाडा काही त्याला पाहायला मिळाला नाही. मिळाला तो सीटचा लोखंडी सांगाडा. असलमने जीव ओतून अशी गुबगुबीत गादी भरली, की बायको रईसा म्हणाली, ही आपल्याच घरी राहू द्या.

चाचणीत गादी नापास झाली. प्रत्येक खड्ड्याला ती चालकाला आधी पोटात घ्यायची आणि मग वर फेकायची. बिचाऱ्याचं डोकं छताला आपटायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रुपचंदने आणखी एक संधी मिळवून दिली. ती हुकली तर काम दुसरीकडे जाणार होतं. काम गेल्याचं असलमला एवढं वाटलं नसतं, पण आपल्या गादीने कुणाचं डोकं फुटावं, हे त्याला फार झोंबलं.

त्याने परत आलेली तीच गादी उचलली आणि पारोळ्याजवळ गिरधरचं शेत गाठलं. गिरधर जुनं गिऱ्हाईक. त्याच्या ट्रॅक्टरवर गादी बसवली, आणि नांगरलेल्या रानातून गिरधरने एक फेरी मारली. उतरला तो कंबर धरूनच.

"भाऊ, गादी भारी शे," तो म्हणाला. "पन मी काय नवरदेव शे का?"

असलम स्वतः चढून बसला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने गादी उसवली, खाली कडक थर घातला, दोन्ही बाजूच्या कडा उचलून घेतल्या आणि वर मऊपणा ठेवला तो भाकरीएवढ्या जाडीचा. मऊपणा कमी करताना त्याचा हात जड झाला. पाहुण्याला अर्धपोटी उठवल्यासारखं वाटत होतं. रानात पुन्हा फेऱ्या झाल्या, पुन्हा टाके उसवले, आणि अखेर गादी चाचणीला रवाना झाली.

रुपचंदचा फोन आला तेव्हा घरात जेवणं चालली होती. चालकाने उकाड्याची तक्रार केली होती, आवाजाची केली होती, पाय ठेवायच्या जागेचीही केली होती. मग रुपचंदने मुद्दाम सीटचं विचारलं. चालक म्हणाला, दिवसभर तिची आठवणच झाली नाही. गादी पास झाली होती.

असलमचा चेहरा आधी पडलाच. एवढी मेहनत, आणि साधं 'छान' म्हणून नाही. हातातला घास हातातच राहिला. मग हळूहळू त्याला उमगलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. इतकं भरल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं.

रईसाने विचारलं, पसंद आली का त्याला?

"दिनभर बैठा वो उसपे, रईसा," असलम म्हणाला. "और उसको याद भी नहीं आई."