आधी महिनाभर घरी

इलेक्ट्रिकच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त साचतात. माल निदान विकला तरी जातो!

आमचं दुकान कारंज्यात, हायवेला लागून. मालक आबा, म्हणजे माझे वडील. त्यांचा एक नियम होता. नवीन बटन कोणतंही असो, आधी महिनाभर आपल्या घरी लागणार. घरच्यांनी पास केलं तरच दुकानात.

नव्वदच्या सुमारास डिमर असाच पास होऊन आला. मी हौसेनं तो फिरवून बल्ब मंद करून दाखवायचो. एक शेतकरी काका फार मन लावून पाहत होते. मला वाटलं, घेतात आता. ते शांतपणे म्हणाले, "उजेड कमी कराले बटन काऊन पायजे? आमच्या गावात सांज झाली का व्होल्टेज जाते, तो आपोआपच कमी होते."

गावातल्या डॉक्टरांनी मात्र लगेच नेला, अन् दुसऱ्याच दिवशी तक्रार घेऊन हजर. लाइट फडफडते म्हणे. जाऊन पाहतो तर डिमरवर ट्यूबलाइट! आबांनी समजूत घातली, "डॉक्टरसाहेब, ट्यूबले हे औषध चालत नाई."

पुढं काही वर्षांनी रिमोटचं बटन आलं. मी तर पागलच झालो. पूर्ण पेटी मागवायची माझी घाई, पण नियम म्हणजे नियम. नमुन्याला दोनच आली होती, त्यातलं एक शेजारच्या गुरुजींनी हट्टानं नेलं. आठ दिवसांनी गेलो, तर बोर्डाशेजारी खिळा ठोकून त्याला रिमोट नाड्यानं बांधलेला. लाइट लावायला उठून तिथंच जायचे! "हरवाची भीतीच नाई," गुरुजी खुशीत म्हणाले.

दुसरं आमच्या घरी आईच्या खोलीत लावलं. पाय मोडल्यामुळं ती पलंगावरच होती. पहिला आठवडा तिनं लाइट-पंख्याशी खेळण्यात घालवला. मी मनातल्या मनात पेटीची ऑर्डर देऊन मोकळा.

मग एकदा रिमोट हातात धरून म्हणाली, "पहिले लाइट लावाले कोणी ना कोणी येत जाय. दोन गोष्टी होत जाय. आता दिवसभर मी अन् हा डबा." मी हसण्यावारी नेलं, त्याचं आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात रिमोट बंद. "बिघडला," म्हणत आईनं तो आबांच्या हातात दिला.

आबांनी मागचं झाकण काढलं. मी खांद्यावरून पाहिलं. आत एकही सेल नव्हता.

आबांनी आईकडं पाहिलं. आई उशी नीट करत होती.

त्यांनी झाकण परत लावलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले अन् मला म्हणाले, "नापास. जुनंच बटन लावून दे."