कप हलवायचा असतो

वाळवंटाच्या टूरवर आम्ही गेलो ते देश सोडायच्या आदल्या आठवड्यात. इतकी वर्षं दुबईत राहून कधी गेलो नव्हतो. पुण्याहून पाहुणे आले की त्यांना टूरच्या गाडीत बसवून द्यायचं आणि आपण स्वयंपाकाला लागायचं, एवढाच आमचा वाळवंटाशी संबंध. मग जबल अलीतली नवऱ्याची कंपनी बंद पडली, त्याच्या नोकरीबरोबर आम्हा तिघांचे व्हिसा गेले. सोफा, फ्रिज विकून घर रिकामं झालं तेव्हा मुलगी म्हणाली, "आय वॉन्ट टु सी इट प्रॉपर्ली. वन्स."

ती इथेच जन्मली, बारावीपर्यंत इथेच शिकली. पुणं म्हणजे तिच्या लेखी सुट्टीतला चिखल आणि गाल ओढणारे नातेवाईक. "मी तिकडे राहणार नाही," असं ती महिनाभर म्हणत होती आणि मी महिनाभर तिच्यावर खेकसत होते. जाणं कोणाच्याच हातात नव्हतं, पण खेकसायला घरात तीच होती.

गाडीत सगळे टोप्या घातलेले टूरिस्ट. गाइड केरळचा. त्यानं नवऱ्याला विचारलं, "सर, फर्स्ट टाइम यूएई में?"

"हां, फर्स्ट टाइम," नवरा म्हणाला.

मुलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर वाळूशिवाय काही नव्हतं.

पत्रकात 'स्थानिक लोकांशी भेट' असं छापलं होतं. ती भेट म्हणजे एक म्हातारे अरब गृहस्थ, कुंपणातले त्यांचे उंट आणि सावलीत अंथरलेले गालिचे. आजोबा स्वतः उभे राहून कॉफी ओतत होते. कान नसलेला इवलासा कप, त्यात वेलचीचा फिक्कट, कडू काढा. मी तोंड वाकडं न करता संपवला, त्यांनी पुन्हा ओतला. पुन्हा संपवला, पुन्हा ओतला. नको कसं म्हणायचं मला कळेना. नवराही निमूटपणे ढोसत होता.

"आई, शेक द कप," मुलगी हळूच म्हणाली. "असा हलवून परत द्यायचा. नाहीतर ते ओततच राहणार. गेस्टला ते स्वतःहून बस म्हणत नाहीत."

इतकी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी कप हलवला, आजोबांनी हसून घेतला. नवऱ्यानंही हलवला.

मग त्यांनी मुलीला विचारलं, कुठली तू? तिनं शाळेत शिकलेल्या अरबीत उत्तर दिलं, इथलीच. आजोबा खूश झाले. पुन्हा विचारलं, हो, पण मूळची कुठली? ती म्हणाली, इथलीच, इथेच जन्मले. त्यांनी मायेनं मान हलवली आणि नवऱ्याकडे बोट करून विचारलं, हे कुठले? "इंडिया," नवरा म्हणाला. "आह, इंडिया!" आजोबांचं समाधान झालं. त्यांच्या मनात वाकडं काहीच नव्हतं, म्हणून तर मला जास्त लागलं.

मग ते सगळ्यांना उद्देशून काही बोलले आणि गाइडनं हिंदीत सांगितलं, "बोलते हैं, ये घर आपका ही घर है." टूरिस्टांनी टाळ्या वाजवल्या. मुलीनं रिकामा कप पुढे केला.

आजोबांनी ओतलं. तिनं संपवलं आणि न हलवता पुन्हा पुढे केला. मला वाटलं, विसरली. पण विसरेल कशी? मलाच तर तिनं शिकवलं होतं. आजोबा पुन्हा ओतत होते, ती पुन्हा पीत होती. कॉफी तिला मुळीच आवडत नाही.

"यल्ला, यल्ला," गाइड ओरडला. लोक उठले, गालिचे रिकामे झाले. नवरा सँडलचा बंद लावत बसला, वर बघेना. दुसरी एक गाडी कुंपणाशी येऊन थांबली होती.

"चल," मी म्हणाले.

"जस्ट वन मोअर, आई."

तिचा आवाज लहानपणीचा होता. मला तिला घट्ट धरावंसं वाटलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. मी वाकले, कपासकट तिचं मनगट धरलं आणि हलवलं.

आजोबांनी लगेच कप काढून घेतला आणि नव्या पाहुण्यांसाठी विसळायला पाण्यात टाकला.