मुक्या पेशी आणि आमच्या बाई

डॉ. विमलताई लांजेवार यांना मी प्रथम भेटले ती त्यांच्या हुडको वसाहतीतल्या घरी. संशोधनासाठी मार्गदर्शक हव्या होत्या, म्हणून माझ्या गावाहून, उतईहून, सायकल हाणत आले होते. बाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला.

"ऐकला? आपल्या पेशीतही असाच भोंगा असते," बाई म्हणाल्या. "विषाणू घुसला का वाजते. पण फ्लूचा विषाणू लय बदमाश, थो पयले भोंग्याचा वायरच कापते."

परतताना दुपारच्या उन्हात पेंगणारी सगळी उतई मला एखाद्या बेसावध पेशीसारखी दिसू लागली. त्या गुंगीतून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही.

विषाणूचा आरएनए दिसून धोका कळताच पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. फ्लूच्या विषाणूचे एक प्रथिन त्याचा आरएनए झाकून ही हाकच दाबते. बाईंनी उभी हयात या एका प्रथिनामागे घालवली.

माझे तीन वर्षांचे काम त्यावरच होते. विषाणू घातला, इंटरफेरॉन शून्य! मी हवेत होते. बाईंच्या निवृत्तीपूर्वीचा तो शेवटचा शोधनिबंध ठरणार होता, परिषदेला सारांशही गेला होता. बाई फक्त एवढेच म्हणाल्या, "विषाणू नको घालू. नुसता नकली आरएनए टाक. भोंगा वाजते का पाह्य."

वाजला नाही. विषाणू वाढवायला आणलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींतच मी मोजमाप केले होते, आणि त्या पेशींना इंटरफेरॉन बनवताच येत नाही. मी ओक्साबोक्शी रडले.

"कावून रडून राहिली पोरी? त्या जन्माच्याच मुक्या. विषाणूवर उगाच आळ घेतला आपण."

'आपण' म्हणाल्या त्या. सारांश मागे घेण्याच्या पत्रात मात्र त्यांनी लिहिले, 'चूक माझी.' मी हरकत घेतली, तर म्हणाल्या, "तुले अजून लय वर्षं काम करायचं हाय. मले पापड करायचे हायेत."

निवृत्तीनंतरही त्या वर्षभर रोज प्रयोगशाळेत येऊन माझ्याजवळ बसल्या. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींत सगळे पुन्हा केले. नेहमीचा विषाणू घातला, हाक जेमतेम उमटली. ते प्रथिन काढलेला विषाणू घातला, तेव्हा मात्र भोंगा दणक्यात वाजला. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता. एवढे प्रेम मला माहेरीही क्वचितच मिळाले.

आज नेहरू नगरातल्या माझ्या घरी विद्यार्थिनी येतात, तेव्हा मी आधी विचारते, "तुझ्या पेशींना बोलता येतं का?"

गेल्या हिवाळ्यात बाईंना ताप आला. मी धावत गेले, तर पांघरुणातून हसून म्हणाल्या, "घाबरू नको. भोंगा वाजून राहिला."

बाई, पंचाहत्तरीच्या या दिवशी माझे एवढेच मागणे आहे: तुमच्या देहातला तो भोंगा वर्षानुवर्षे असाच वेळेवर वाजत राहो, आणि तो ऐकून धावत यायला मी उंबऱ्याशी असो.