काही करत नाही तो

संध्याकाळी बागेत घसरगुंडीजवळच्या बाकावर बसले होते. चार-पाच वर्षांची एक मुलगी चेंडूमागे धावत सुटली आणि चेंडू थेट एका दांडग्या तपकिरी कुत्र्याच्या पायाशी जाऊन थांबला. आता मालकीणबाई नेहमीचंच म्हणणार, "काही करत नाही तो." कुत्रा पाळणारे सगळे हेच म्हणतात आणि पट्टा सैलच ठेवतात.

पण या बाईंनी पट्टा झटकन मनगटाला गुंडाळला. "थांब बाळा, हा अंगावर उडी मारतो. आधी त्याला बसू दे."

मी चाटच पडले. आपल्या लाडक्याबद्दल इतकं खरं कोण बोलतं? आपला नवरा, आपला मुलगा, आपण स्वतः, सगळे कसे काही न करणारे. आणि ही बाई भर बागेत खरं सांगून मोकळी झाली होती. उठून टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं मला.

कुत्रा बसला. त्याच्या शेपटीने धूळ उडत होती. मुलीने बाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मग तिने इवलीशी मूठ पुढे केली, त्याला हुंगू दिली आणि हळूच त्याला सांगितलं, "मी काही करत नाही हं."