काचेच्या आतली पिंक

तुम्ही मंडळी इथे कुठला फोन चांगला, कुठलं अ‍ॅप भारी यावर दिवसभर भांडता, ते मी वाचत असते. आज माझंही ऐका. भूतखेत, करणी असलं मी आयुष्यात मानलं नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा मला स्वप्न पडलं नाही. पण हे झालं ते भर सकाळी, चार माणसांसमोर…

आम्ही म्हैसूरचे जुने मराठे, चामराजपुरममध्ये राहतो. माझे दीर गेले. मी त्यांना भावजी म्हणायचे. पानाशिवाय माणूस नव्हता तो! पडवीत पितळेची पिकदाणी, आणि ती धुताना माझी जाऊ सुशीला नाक मुरडून रोज बडबडायची, “किळस येते हो मला!” खोटं काही कानावर आलं की भावजी “थू!” करून पिकदाणीत थुंकायचे. ती त्यांची सवयच.

दहाव्याला एच. डी. कोटेजवळ कपिला नदीच्या काठी गेलो. पिंड ठेवला. झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. अशा वेळी गेलेल्याची इच्छा काय राहिली ते ओळखून शब्द द्यायचा असतो. सुशीलाने देऊन पाहिला, मी दिला. छे!

मग भावजींचा मुलगा गिरीश – बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे – म्हणाला, “मोठीआई, अप्पांनाच विचारू या की.” आणि फोन काढला. कसलं तरी अ‍ॅप. भावजींचा फोटो, आणि त्यांचे जुने व्हॉइस मेसेज घालून बनवलेला त्यांचा आवाज. आपण टाइप करू तेच फोटो ओठ हलवून बोलतो.

गिरीशने काहीतरी टाइप केलं. फोटो बोलला, “घर विकून टाका. तू गिरीशबरोबर बंगळूरला जा. मी सुखात आहे.”

घर विकायचं टुमणं गिरीशने आजारपणातच लावलं होतं. भावजींनी प्रत्येक वेळी नाही म्हटलेलं. आणि ही वेडी सुशीला फोनपुढे हात जोडून रडायला लागली. “बरं हो… तुम्ही म्हणता तर जाते.”

अय्यो, काय सांगू! बापाची राख अजून नीट विरघळली नाही, आणि त्याच्या तोंडात हात घालून जीभ हलवतोस? मी म्हटलं, “गिरीश, बंद कर ती घाण.”

“मोठीआई, सुम्मे गप्प बसा हो, आईला बरं वाटतंय –”

तेवढ्यात फोन बोलला. “थू!”

गिरीशने काही टाइप केलं नव्हतं. फोन तर त्याने आईपुढे धरलेला. आणि फोटोच्या ओठांपासून खाली लाल ओघळ उतरला. त्याने शर्टाने पुसला. निघेना. बोटाने खरवडला. काच कोरडी! ओघळ काचेच्या आत. आणि वास… विड्याचा, चुन्याचा, तंबाखूचा. पिकदाणीचाच.

गिरीश पांढरा पडला. सुशीला मात्र रडायची थांबली. मुलाकडे बघून म्हणाली, “तू लिहिलं होतंस ना हे?”

तो पिंडाकडे वळला आणि कसंबसं म्हणाला, “अप्पा, आई आहे तोवर घराला हात लावणार नाही.”

कावळा आला की हो लगेच. शिवला.

नंतर लष्कर मोहल्ल्यात फोन दुरुस्तीला दिला. तिथल्या भाईने उघडला आणि नाकाला रुमाल लावला. “अम्मा, ये फोन पान खाता क्या?” गिरीश म्हणतो, उन्हाने डिस्प्ले लीक झाला. होतही असेल. मग थुंकलं कोण? आणि वास कुठून आला?

काढलेला डिस्प्ले दुकानदार ठेवून घेईना, म्हणून घरी आणला. सुशीलाने तो पडवीत पिकदाणीशेजारी ठेवलाय. रोज सकाळी दोन्ही पुसते. नाक मुरडत नाही आता.

मला अजून उलगडा झालेला नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा. पण त्या अ‍ॅपची लिंक मला पाठवू नका… थू!