आडव्याचा पडदा उभ्याला

वसीला नऊ वर्षांची होती तेव्हा बापाच्या स्टुडिओत काळ्या पडद्यामागे बसून तिने एक भांडण ऐकलं होतं.

‘सी गौती, काच तुझी आहे, पण चेहरा माझ्या लेकीचा आहे,’ बाहेर एक बाई बापाला म्हणत होती. ‘साखरपुडा मोडला तिचा. आता पोर भाजी आणायला निघाली की तुझ्या दुकानात स्वतःलाच टांगलेली बघते.’

‘माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो,’ बाप म्हणाला. ‘गालावरचा प्रकाश तरी बघ.’

‘गाल कुणाचा आहे?’

बापाने आवाज चढवला. बाईनेही चढवला. समोरचा न्हावी वस्तरा हातात धरूनच बाहेर आला. दोन दिवसांनी तो फोटो काचेतून उतरला. कोण जिंकलं हे कुणी बोललं नाही, पण बाप आठवडाभर घुम्यासारखा जेवला.

पुढे बापाचे गुडघे गेले आणि कॅमेरा वसीलाच्या गळ्यात आला. आमच्या त्लेमसेन शहरातल्या लग्नांत बायकांच्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. शेकडो नवऱ्या तिने नटताना पाहिल्या. ‘मला स्वतःला नटायला सवड झाली नाही,’ असं ती म्हणायची. ‘सवड होती, मागणी आली नाही,’ असं तिची आई म्हणायची. दोघींचंही थोडंथोडं खरं असावं.

बायकांच्या खोलीत डोक्यावरचे रुमाल उतरतात, दंड उघडे पडतात, केस मोकळे सुटतात. म्हणून दारात एक म्हातारी कापडी पिशवी घेऊन बसते आणि येणारीचा फोन त्यात टाकून घेते. आत कॅमेरा एकटा वसीलाचा. कुणी दाराशी तिला बाजूला घेऊन कानात म्हणायची, ‘खालती,’ म्हणजे मावशी, ‘फोटोत मला झाक.’ कुणाचा नवरा कडक, कुणाचा भाऊ, कुणाची स्वतःचीच मर्जी. वसीला कारण विचारत नसे. पूर्वी ती बारीक कुंचल्याने झाकायची, मग कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर शिकली. चेहऱ्यावर धुरकट पट्टा ओढायचा, की त्या बाईला तिची सख्खी आईसुद्धा ओळखायची नाही. मावशी म्हणायच्या वयाची झाली तोवर गावभर एकच बोललं जायचं: वसीलाच्या फोटोंच्या पाकिटातून कुणी बाहेर पडत नाही.

नसीराच्या मुलीचं लग्न ठरलं ते वसंतात. नसीराची धाकटी बहीण हुरिया हिचा नवरा त्याच हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला होता. लग्नाच्या दिवशी चाळिसावा होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले, इद्दत, म्हणजे विधवेने घरात बसायची मुदत, अर्धीही सरलेली नव्हती. हुरियाला मूल नव्हतं. एकोणीस वर्षं ती सासूच्या घरात राहत होती आणि त्या घरावर तिचा हक्क म्हणाल तर सासूच्या मर्जीएवढाच. सासू हाज्जा खैरा. तिने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, ‘चार महिने दहा दिवस माझ्या लेकाची आठवण धर. त्याआधी उंबरा ओलांडलास तर तुझं गाठोडं मी स्वतः बांधून देईन.’

पण शद्दा, म्हणजे नवरीचा पेहराव, नेसवायची कुणी? आमच्याकडे नवरीवर मोत्यांच्या इतक्या माळा चढतात की बिचारीला मान वळवता येत नाही, आणि नसीरा-हुरियाच्या आईच्या पद्धतीची गाठ एका हुरियालाच येत होती. तेव्हा दुपारी, हाज्जा खैरा झोपल्यावर, हुरिया मागच्या बोळाने बहिणीकडे आली. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, बांग होण्याआत परतायचं होतं. खोलीत सख्ख्या रक्ताच्या पाच-सहा बायका होत्या आणि सगळ्यांनी कुराणावर हात ठेवून जिभा बांधून घेतल्या होत्या. उरली वसीला.

‘हे फोटो मला पाहिजेत,’ नसीरा तिला म्हणाली. ‘पोरगी एकदाच नेसणार. फोटो ठेव, बहीण झाक.’

‘दोन पाकिटं करते,’ वसीला म्हणाली. ‘एक जसंच्या तसं, तुझ्या कपाटात कुलपात ठेवायला. दुसरं झाकलेलं, वाटायला.’

‘हाज्जा खैरालाही एक द्यावं लागेल गं. सुतकामुळे ती यायची नाही, आणि फोटो पाठवले नाहीत तर म्हणेल, मला विसरले.’

हुरियाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या न काढताच ती म्हणाली, ‘वसीला, माझं घर तुझ्या हातात आहे बघ.’

‘उगाच बोलू नकोस, टाचणी गिळशील,’ वसीला म्हणाली.

कॅमेरा स्टँडवर होता. हुरिया बराच वेळ खिडकीपाशी, उजव्या टोकाला उभी राहून माळा ओवत होती. मग नवरी उभी राहिली. डोक्यावरची सोनेरी टोकदार टोपी काही आडव्या फोटोत मावेना, म्हणून वसीलाने कॅमेरा उभा फिरवला आणि पायापासून टोपीपर्यंत वीस-बावीस फोटो काढले. हुरिया तिथेही होतीच, नवरीच्या शेजारी, आता कमरेशी गाठ मारत.

घरी येऊन वसीला कॉम्प्युटरपुढे बसली. ज्या दुकानदाराने तो विकला त्याने एक युक्ती शिकवली होती. ‘खालती, एका फोटोला जे करायचं ते करायचं. मग ते उचलायचं आणि बाकीच्यांवर चिकटवायचं. साठ फोटो, एक टिचकी.’ वसीलाला ते फार आवडलं होतं. साठ वेळा तोच पट्टा ओढून बोटं आखडायची तिची. तिने पहिल्या फोटोत प्रकाश थोडा उबदार केला, सावली उजळली, खिडकीपाशी हुरियाच्या तोंडावर जाड पट्टा ओढला, आणि सगळं उचलून सगळ्यांवर चिकटवलं. दहा-बारा फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येकात हुरियाच्या जागी धूर. बाकीचे तिने लहान-लहान चौकटींतच पाहिले. उभ्यांचासुद्धा प्रकाश छान उतरला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक लग्न होतं. तिने छापून घेतले, पाकिटं चिकटवली, नसीराच्या हातात दिली. ‘हे न झाकलेलं पाकीट तुझं. हे दुसरं बिनधास्त कुणालाही दे. यात ती कुठेच नाही.’

नसीराने शब्दावर विश्वास ठेवला. पाकीट न उघडताच तिने मकरूद मिठाईच्या ताटासोबत ते हाज्जा खैराकडे धाडलं.

तिसऱ्या दिवशी नसीराचा निरोप आला की उभ्या नवरीचा एक फोटो भिंतीवर लावण्याएवढा मोठा करून दे. झाकलेल्यातलाच दे, भिंत सगळे बघतात. वसीलाने तो कॉम्प्युटरवर पडदाभर मोठा केला.

वर छताशी एक झुंबर होतं, त्यावर जाडजूड धुरकट पट्टा. आणि खाली नवरीच्या कमरेशी हुरिया, ओठांत टाचण्या, डोळे हसरे, जणू आत्ताच कुणी चावट बोललंय. स्वच्छ. पापण्या मोजाव्यात इतकी स्वच्छ.

तिने दुसरा उघडला. झुंबर झाकलेलं. तिसरा. झुंबर झाकलेलं. तेव्हा तिला कळलं. यंत्राला हुरिया माहीतच नव्हती. चौकटीच्या उजव्या टोकाला पडदा लाव, एवढंच त्याला ठाऊक. कॅमेरा उभा फिरवला तेव्हा ते उजवं टोक वर छताला गेलं, आणि पडदाही इमानाने त्याच्यामागे वर गेला.

पायांत येईल ती चप्पल घालून वसीला निघाली. नसीराने दार उघडलं आणि तिच्या तोंडाकडे बघूनच विचारलं, ‘कोण गेलं?’

‘पाकीट कुठाय?’

‘परवाच पाठवलं. का?’

का ते सांगून वसीला तशीच हाज्जा खैराच्या घराकडे वळली.

हाज्जा खैराने तिला चहा दिला. फोटो पितळी ताटात दोन गठ्ठ्यांत मांडलेले होते, आडवे वेगळे, उभे वेगळे. स्वयंपाकघराच्या दारात हुरिया उभी होती. ती ना आत जात होती ना बाहेर येत होती.

‘वसीला,’ म्हातारी म्हणाली, ‘झुंबर फार छान झाकलंस. त्याला कुणाची नजर लागायची होती?’

‘हाज्जा, चूक माझी आहे. तिची नाही.’

‘तुझी? म्हणजे माझ्या दारातून तिला तू हाताला धरून नेलीस?’

‘चूक म्हणजे फोटोची...’

‘फोटोत काय चूक आहे? चांगला आलाय.’ म्हातारीने वरचा उचलून डोळ्यांजवळ नेला. ‘बघ, हसतेय. दोन महिन्यांत या घरात मी तिला हसताना पाहिलं नाही. मला वाटायचं, माझ्या लेकासाठी झुरतेय. मला बरं वाटायचं.’

हुरिया दारातून म्हणाली, ‘झुरतच होते, आई. एक तास थांबले होते फक्त.’

‘विचारून गेली असतीस तर?’

‘तर सोडलं असतंत?’

हाज्जा खैराने फोटो उलटा करून ठेवला. ‘नसतं सोडलं,’ ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि बोललेलं मागे घ्यायचीही नव्हती. ‘वसीला, तुझा चहा निवतोय.’

वसीलाने तो निवलेला चहा घोटाघोटाने संपवला. नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी गाठोडं बांधलं गेलं. म्हातारीने शब्दाप्रमाणे स्वतः बांधलं आणि त्यात हुरियाचं लोकरीचं पांघरूण विसरू दिलं नाही. इद्दतीचे उरलेले दिवस हुरियाने नसीराच्या मागच्या खोलीत काढले, आणि त्यापुढची वर्षंही तिथेच. बहिणीच्या घरात बहीण लाडकी असते, पण चूल तिची नसते. म्हातारी तीन वर्षांनी गेली तेव्हा हुरिया मातीला गेली, दारात उभी राहिली आणि आत कुणी बोलावलं नाही म्हणून परत आली.

वसीला तिच्याकडे जायची. पहिल्या वेळी पायांना हात लावायला वाकली तर हुरियाने पाय ओढून घेतले. ‘वेडी की काय? तू काय मुद्दाम केलंस?’ मग माळेचे मणी सारखे करत म्हणाली, ‘पण मला आधी दाखवायला हवं होतंस गं. तू नवरी बघत होतीस, प्रकाश बघत होतीस. मी फक्त मला शोधलं असतं. एका मिनिटात सापडले असते.’

शिव्या दिल्या असत्या तर वसीला कधीतरी विसरली असती.

त्यानंतर तिने चिकटवणं बंद केलं. एकेक फोटो, एकेक चेहरा. आणि एक नवीन रीत लावून घेतली. जिने झाक म्हटलं तिच्या घरी पाकीट सगळ्यांत आधी जायचं. ती बघेल, ती हो म्हणेल, मगच नवरीच्या आईकडे. नवरीच्या आया चिडायच्या. ‘लग्न माझ्या लेकीचं आणि फोटो आधी कुणा तिऱ्हाइतीकडे?’ पोरी म्हणायच्या, ‘खालती, दुसरीकडे चार दिवसांत मिळतात, तुझ्याकडे चाळिसावा होतो.’ काम निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. वसीला म्हणायची, ‘बरं झालं, डोळेही निम्मेच उरलेत.’ पण रात्र रात्र तिला झोप नसे, हे तिच्या खिडकीसमोरच्या सगळ्यांना माहीत होतं.

गेली ती फेब्रुवारीत, झोपेतच. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी झाक म्हणालेल्या एका नर्सबाईकडे ती पाकीट घेऊन गेली होती. चौथा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत ती वर पोचली.

‘खालती, निरोप धाडायचास, मी आले असते की,’ नर्सबाई म्हणाली.

‘मग तू तिथे घाईघाईने बघितलं असतंस. इथे बस. कॉफी नंतर.’

नर्सबाईने एकशेचाळीस फोटो एकामागून एक पाहिले. पहिले वीस मन लावून, पुढचे जांभया देत. ‘कुठेच नाही मी,’ ती म्हणाली आणि शेवटचे चार सरकवता सरकवता थांबली. ‘हा हात कुणाचा? ही अंगठी माझी आहे.’

वसीलाने फोटो घेतला, खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला. उभा फोटो होता. खालच्या कोपऱ्यात नुसती चार बोटं. तिने तो वेगळा काढून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

‘एवढ्याशा हाताने काय होतंय, खालती? राहू दे.’

‘एक निसटला म्हणजे दुसराही निसटला असेल,’ वसीला म्हणाली. तिने गठ्ठा सारखा केला, उभे फोटो वर घेतले आणि पुन्हा तिच्या मांडीवर ठेवले. ‘पहिल्यापासून बघ. सावकाश.’